पाकिटातलं दुसरं कार्ड

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या बंदुकीच्या दुकानात काउंटरवर काम करताना बंदुकीपेक्षा फॉर्म 4473 शीच, म्हणजे बंदूक घेताना भरायच्या फेडरल (केंद्र सरकारच्या) अर्जाशीच, जास्त झटापट होते. पहिला भाग आम्ही भरतो: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, बोअर. दुसरा भाग गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने भरायचा. तिथल्या चुका ठरलेल्या. ‘काउंटी’च्या (जिल्ह्याच्या) रकान्यात लोक देशाचं नाव लिहितात. आपली माणसं वडिलांचं नाव आद्याक्षरात उरकतात, आणि फॉर्मला ते पूर्ण लागतं. मग ओळखपत्र तपासायचं आणि एफबीआयच्या ‘निक्स’ या पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेकडे विचारणा करायची. उत्तर येतं ‘प्रोसीड’, ‘डिले’ किंवा ‘डिनाय’. डिले आला आणि कामकाजाचे तीन दिवस उलटूनही काही कळलं नाही, तर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक देता येते.

2024 च्या ऑक्टोबरात एक मराठी गृहस्थ आले. हायवेवरच्या मोटेलात रात्रपाळी सांभाळणारे, ग्रीनकार्डवाले. आदल्या आठवड्यात कोणीतरी ऑफिसात घुसून गल्ला नेला होता. त्यांना बारा बोअरची मॉसबर्ग 500 हवी होती. ग्रीनकार्डवर बंदूक घेता येते, फॉर्मवर एलियन नंबर (परदेशी नागरिकाचा सरकारी नोंदणी क्रमांक) लिहावा लागतो इतकंच. (नोकरीच्या एच-वनबी व्हिसावाल्यांना शिकारीच्या लायसन्ससारखा अपवाद दाखवावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे आपल्यातले कितीतरी जण हात हलवत परत जातात.)

त्यांनी फॉर्म एकही खाडाखोड न करता भरला, सही केली. लायसन्स काढताना त्याला चिकटून दुसरं कार्ड बाहेर आलं आणि काउंटरच्या काचेवर पडलं. राज्याचं वैद्यकीय गांजाचं कार्ड. मी फॉर्म पुन्हा पाहिला. 21 व्या प्रश्नात एक पोटप्रश्न आहे: तुम्ही गांजा किंवा इतर नियंत्रित पदार्थ बेकायदा वापरता का, किंवा त्याचं व्यसन आहे का? त्यांनी ‘नाही’वर खूण केली होती.

“ताई, ते पाठदुखीसाठी आहे हो. इथे कायदेशीर आहे ना?”

राज्यापुरतं बोलायचं तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. जून 2018 मध्ये ओक्लाहोमाच्या मतदारांनी वैद्यकीय गांजाला मान्यता दिली. डॉक्टरची शिफारस आणि 100 डॉलर फी भरली की दोन वर्षांचं कार्ड मिळतं. अंगावर 3 औंस, घरात 8 औंस, शिवाय 6 मोठी झाडं चालतात. केवळ कार्ड आहे म्हणून कोणाचा बंदुकीचा हक्क नाकारू नये, असंही राज्याने 2019 मध्ये कायद्यात लिहून ठेवलं.

पण बंदूक विकण्याचं आमचं लायसन्स फेडरल आहे. तिथे अमली पदार्थ बेकायदा वापरणाऱ्याला बंदूक देऊ नका म्हणणारा 1968 चा गन कंट्रोल ॲक्ट लागतो, आणि त्यांच्या लेखी गांजा तेव्हा पहिल्या सूचीतला, म्हणजे सर्वांत कडक बंदीचा होता. पहिल्या सूचीतल्या पदार्थाचं प्रिस्क्रिप्शन डॉक्टर लिहूच शकत नाही, म्हणून तर नुसती ‘शिफारस’. हायड्रोकोडोनसारख्या जबर वेदनाशामक गोळ्या प्रिस्क्रिप्शनवर घेणारा माणूस याच प्रश्नाला खरेपणाने ‘नाही’ लिहितो. दारूबद्दल तर प्रश्नच नाही. राज्याने परवानगी दिली असली तरी फेडरल कायद्याने गांजा बेकायदाच आहे, हा इशारा त्या प्रश्नाखालीच छापलेला असतो. बंदूक विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या एटीएफ या फेडरल खात्याने 21 सप्टेंबर 2011 च्या पत्रात सगळ्या विक्रेत्यांना बजावलं होतं की गिऱ्हाइकाकडे असं कार्ड आहे हे कळलं तर विकू नका. कार्ड डोळ्यांनी पाहिल्यावर विक्री केली असती, तर गुन्हा माझाही झाला असता.

मी निक्सला फोन केला नाही. केला असता तर बहुधा ‘प्रोसीड’च आलं असतं, कारण रुग्णांची नोंदवही राज्य गोपनीय ठेवतं. ते कार्ड दुसऱ्या खिशात असतं, तर गृहस्थ बंदूक घेऊन वीस मिनिटांत बाहेर पडले असते. दोन सरकारांचं भांडण अशा रीतीने काउंटरवरच्या माणसाच्या नजरेवर सोडून दिलंय, आणि याची मला मनापासून चीड येते.

शेजारचा सहकारी म्हणाला, “मी काही पाहिलं नाही.” पंधरा वर्षं हे काम करणाऱ्याने असं म्हणावं हे मला पटलं नाही. पकडलं गेलं असतं तर सगळ्यांत आधी ते गिऱ्हाईकच.

“मग बायकोच्या नावावर घेऊ?” त्यांनी विचारलं. त्याच 21 व्या प्रश्नाची सुरुवातच तिथून होते: ही बंदूक खरोखर तुम्हीच घेताय का? वापरणार हे आणि सही तिची, म्हणजे तीही अडकणार. मग त्यांनी ओक्लाहोमातल्याच लॉटन शहरातल्या खटल्याचं काढलं. फेब्रुवारी 2023 मध्ये आमच्याच भागातल्या फेडरल न्यायाधीशांनी गांजा वापरणाऱ्या तरुणावरचा बंदूक बाळगल्याचा आरोप रद्द केला होता, ते खरं. पण एक खटला रद्द झाला म्हणून फॉर्म बदलत नाही. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये अपील कोर्टाने तो निकालही बाजूला ठेवून प्रकरण परत खाली पाठवलं. टेक्सासमधलं तसंच एक प्रकरण सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये सुनावणीला घेतलं.

मी त्यांना मराठीत सगळं सांगितलं. फॉर्मवर खोटं लिहिलं तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा. गांजा वापरणाऱ्याने बंदूक बाळगली तर 2022 च्या दुरुस्तीपासून 15 वर्षांपर्यंत. खरं लिहून ‘हो’ म्हटलं असतं तर बंदूक मिळाली नसतीच, वर गांजा वापरल्याची कबुली स्वतःच्या सहीने एलियन नंबरसकट कागदावर आली असती. एप्रिल 2019 पासून इमिग्रेशन खात्याचं धोरण स्पष्ट आहे: राज्यात कायदेशीर असला तरी गांजाचा वापर नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या वर्तणुकी’च्या आड येऊ शकतो. ‘हो’ही घातक आणि ‘नाही’ही. सुरक्षित रस्ता एकच होता, सहीच न करणं.

ते खूप वेळ त्या काचेकडे बघत राहिले. “हे कार्ड देताना कुणी सांगितलं नाही हो,” एवढंच म्हणाले. वकील गाठा म्हटल्यावर मान हलवून गेले.

हे सगळं मला सही व्हायच्या आधी बोलता आलं असतं. कोणतं उत्तर द्या हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, म्हणून दुकानात फॉर्म गप्प हातात द्यायची पद्धत. पण छापलेला इशारा वाचून दाखवणं म्हणजे उत्तर पढवणं नव्हे. हल्ली मी फॉर्म देताना त्या ओळीवर बोट ठेवते आणि मोठ्याने वाचते. मालकांना ते आवडत नाही. परवाच एकाने ते ऐकून पेन खाली ठेवलं आणि निघून गेला.

सही झालेला फॉर्म फाडायचा नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. त्यांचा फॉर्म अजून मागच्या खोलीतल्या फायलीत आहे, ‘नाही’वरच्या खुणेसकट. एटीएफचे तपासनीस आले की ती फाईलही त्यांच्यासमोर ठेवावी लागते.