सुट्टीत आम्ही काय करायचो

बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, स्मरणिका काढतोय, आठवणी लिहा, शिक्षकांच्या लिहा, गॅदरिंगच्या लिहा, खाल्लेल्या छड्यांच्या लिहा. आता छड्यांवर निम्मी बॅच लिहिणार हे मला पक्कं माहितीय, आणि ज्यांना सगळ्यात कमी बसल्या तेच सगळ्यात लांबलचक लिहिणार. म्हणून मी सुट्टीवर लिहिते. मे महिन्याच्या. शाळेच्या स्मरणिकेत सुट्टीचं काय काम असं कोणी म्हणेल, तर म्हणू दे.

कारण एक गोष्ट मला बरीच वर्षं खुपतेय. कोकणातल्या मे महिन्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ना, दिवाळी अंकात म्हणा, फेसबुकवर म्हणा, ते सगळं मुंबईहून येणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. रात्रभर एसटी, कशेडी घाटातल्या उलट्या, सकाळी दारात भाकरतुकडा घेऊन उभी असलेली आजी, मग महिनाभर आंबे-फणस-करवंदं आणि समुद्र, आणि निघताना डोळ्यात पाणी. छानच असतं, मी पण आवडीने वाचते. पण त्यात आम्ही कुठे असतो? आम्ही म्हणजे जे बारा महिने तिथेच राहायचो. "गावातली मुलं" म्हणून आम्ही एखाद्या वाक्यात येतो, झाडावर चढून कैऱ्या पाडून देतो आणि पुढच्या वाक्यात गायब.

तर आम्ही कुठे असायचो ते सांगते. आम्ही कामाला असायचो.

एक मेला झेंडावंदन झालं, निकालपत्रक हातात पडलं की त्याच दिवशी संध्याकाळी घरी आजी विचारायची, "पास झालीस ना गो? मग जा, ती ताटं घासून ठेव बघू, उद्यापासून साठं घालायचीत." निकालाचं कौतुक एवढंच. शहरात आंबापोळी म्हणतात ते आमचं साठ. ती हापूसची कोण घालणार, हापूस पेटीत बसून मुंबईला जायचा, आमच्या वाट्याला डागी आणि वाऱ्याने पडलेले. साठं रायवळ आंब्यांची. बादलीत आंबे भिजत टाकायचे, पिळून रस काढायचा, चाळणीतून गाळून घ्यायचा म्हणजे दशा वर राहतात, ताटाला तुपाचं बोट फिरवायचं आणि रसाचा पातळ थर द्यायचा. तो सुकला की त्यावर दुसरा, मग तिसरा. घाई करून जाड थर दिला तर वरून सुकतो आणि आतून आंबतो, हे आजीचं वाक्य मला बीजगणिताच्या सूत्रांपेक्षा जास्त पाठ आहे. ताटं खळ्यात बाजेवर, वर जुनं पातळ धोतर, आणि राखणीला मी, काठी घेऊन. कावळे, कोंबड्या, गांधीलमाश्या. "कावळ्यापेक्षा मला तुझीच जास्त भीती वाटते गो," असं आजी म्हणायची ते अगदी बरोबर होतं, कारण साठाच्या कडा आधी सुकतात आणि त्या नखाने सोलून तोंडात टाकल्या तर मधला भाग काही तक्रार करत नाही.

फणसाचं तंत्र वेगळं. बरक्याची पोळी, काप्याचे तळलेले गरे. हाताला, विळीला आधी खोबरेल चोपडायचं तरी चीक लागायचाच, तो मग केसांना, फ्रॉकला, दरवाज्याच्या कडीला, कुठेही. गरे तळायला बसलं की त्या वासाने वाडीतली सगळी पोरं काही ना काही निमित्त काढून आमच्या पडवीत हजर, कोणाला चाळण हवी, कोणाला काडेपेटी. आणि आठळ्या टाकून द्यायच्या नसायच्या, त्या मातीत घोळवून कोरड्या कोपऱ्यात ठेवायच्या, श्रावणात भाजीत पडायला नाहीतर पावसाच्या संध्याकाळी चुलीत भाजून खायला. माझ्या लेकीला मी एकदा भाजलेली आठळी दिली तर म्हणाली, बटाट्यासारखी लागते. लागू दे.

पण खरं काम रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं. ते मेच्या शेवटाला पिकतात, म्हणजे पाऊस डोक्यावर आणि रातांबे खाली. फोडायचे, आतला गर आणि बिया वेगळ्या, सालं वेगळी. रसात मीठ घालायचं, त्यात सालं बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, परत टाकायची, असं करत करत सालं काळीभोर आणि मऊ झाली की आमसुलं तयार. काही सालांच्या वाट्यांमध्ये साखर भरून बरणी उन्हात ठेवायची, ते अमृत कोकम, त्याचं सरबत. बिया वाळवून कुटून उकळल्या की वर तेल येतं, ते थिजून पांढरा गोळा होतो, पायाच्या भेगांना लावायचा. एका फळातलं काहीच वाया नाही. फक्त आमचे हात जायचे. बोटं लालजांभळी, नखांच्या कडा काळ्या, साबणाने जात नाही, चिंचेने जात नाही, शाळा सुरू व्हायच्या दिवशी बाईंनी नखं तपासायला हात पुढे करायला सांगितले की अर्धा वर्ग तसाच. बाई पण इथल्याच, त्यांची स्वतःची बोटं बघून आम्ही गप्प आणि आमची बघून त्या गप्प.

आता पाहुण्यांबद्दल. काका-काकू, आत्या, त्यांची मुलं असे सगळे परळहून सुटणाऱ्या गाडीने राजापूरला आणि तिथून पुढच्या गाडीने. बाबांच्या लहानपणी म्हणे मुंबईची बोट मुसाकाजी बंदराला लागायची आणि माणसं पडावातून किनाऱ्यावर यायची, आम्ही ते फक्त ऐकलं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला, तोवर आमचं लहानपण उरकलेलं. आमच्यासाठी मुंबई म्हणजे वस्तीच्या गाडीच्या टपावरून उतरणारी होल्डॉलची वळकटी आणि पत्र्याचा डबा. त्या डब्यात खारी. खारी बिस्किटाचा तो चुरा, तळाशी उरलेला, चहात टाकून चमच्याने खायचा, माझ्या मते तशी मेजवानी परत झाली नाही. रावळगावच्या गोळ्या, पार्लेचे पुडे, शेव, आणि हो, ब्रेड! दोन दिवसांचा शिळा ब्रेड आम्ही लोणी लावून असा खायचो की चुलतभाऊ बघत राहायचा, आणि तो काजूची बोंडं अशी खायचा की आम्ही बघत राहायचो. बोंडाचा रस शर्टावर पडला तर डाग जात नाही हे आम्ही मुद्दाम दुसऱ्या दिवशी सांगायचो.

काकू आणखी एक गोष्ट आणायची, रिकाम्या बाटल्या आणि डबे. हॉर्लिक्सच्या काचेच्या बाटल्या, डालडाचे झाड छापलेले पिवळे डबे. आईला साडीपेक्षा त्यांचाच आनंद जास्त. लोणच्याच्या, खारातल्या कैऱ्यांच्या मोठ्या चिनीमातीच्या बरण्या होत्याच, दादरा बांधलेल्या, पण रोजचं मीठ, हिंग, तिरफळं ठेवायला या बाटल्या. कित्येक वर्षं आमच्या फडताळात जी मुंबई होती ती ही.

पाहुणे आले की पाणी दुप्पट लागायचं. मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलेलं, रहाटाचा दोर पुरता सोडावा लागायचा. मुंबईच्या मुलांना पोहरा ओढायची भारी हौस, पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांचे तळहात सोललेले आणि दोर परत आमच्या हातात. कंदिलाच्या काचा पुसायचं कामही आमचं, कारण लहान हात काचेत जातो. वीज होती पण पहिला वळीव आला की जायची, म्हणून रोज संध्याकाळी चुलीतली राख फडक्यावर घेऊन काचा चकचकीत करून ठेवायच्या. हात मोठा झाला आणि काचेत अडकायला लागला की या कामातून सुटका, मग ते धाकट्याकडे. मी त्या दिवसाची आतुरतेने वाट बघितलीय.

माजघराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत आंबे पिकत घातलेली आढी. पेंढ्यावर आंबे, वर पेंढा, त्यावर गोणपाट. आजोबा रात्री कंदील न घेता आत जायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, उद्या खिडकीकडचे काढा. वासावरून. मला वाटायचं आजोबा उगाच ऐटीत बोलतात, मी सकाळी आधी दुसऱ्या कोपऱ्यातले चाचपून बघायची, ते कडक असायचे.

या सगळ्यात शाळा कुठे आली? येते. आपल्या गणिताच्या सरांनी सातवीत एकदा प्रत्येकाला घरून मापं आणायला सांगितली होती, आठवतं का कोणाला? कोणी पायली आणली, कोणी अधोली, कोणी शेर. मी आमची लोखंडी पायली डोक्यावर घेऊन चालत आले. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे आम्हाला घरी पाठ, आणि पुस्तकात किलो न् लिटर. सरांनी एक पायली तांदूळ तराजूत घातले, मग तीच पायली भरून भात, म्हणजे न कांडलेली साळ, मग पोहे. तिन्हीचं वजन वेगळं! सर म्हणाले, तुमची आजी जागा मोजते आणि दुकानदार भार मोजतो. आकारमान आणि वस्तुमान यातला फरक मला पुढे कॉलेजात कोणी शिकवायची गरज पडली नाही. मग सरांनी एका मुलाला पायल्या मोजायला सांगितलं, त्याने सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन..." आणि सगळा वर्ग हसला, कारण आम्ही सगळेच घरी तसंच मोजायचो, धान्य मोजताना एक म्हणत नाहीत, पण वर्गात ते ऐकायला विचित्र वाटलं. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर पहिल्या ओळीत लाभ असंच लिहिलं.

पुस्तकांचं पण आंब्यावरच. तेव्हा वाशीचं मार्केट नव्हतं, पेट्या क्रॉफर्ड मार्केटला दलालाकडे जायच्या आणि मग पोस्टाने पट्टी यायची, किती पेट्या, काय भाव, भाडं किती, हमाली किती, अडत किती, आणि सगळं वजा जाता खाली उरलेला आकडा. बाबा तो कागद ओटीवर बसून वाचायचे तेव्हा आम्ही झोपाळा थांबवायचो. आकडा बरा असेल तर नवीन वह्या आणि छत्री, नसेल तर वरच्या वर्गातल्या ताईची पुस्तकं अर्ध्या किमतीत आणि खाकी कागदाची कव्हरं. माझ्याकडे बहुतेक वर्षी ताईचीच पुस्तकं असायची आणि त्यात गाळलेल्या जागा आधीच भरलेल्या, त्यामुळे तक्रार नाही.

सगळी कामंच होती असंही नाही बरं का. एका मे महिन्यात राजापूरची गंगा आली. तिचं वेळापत्रक तिलाच माहीत, साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण नेम नाही. बातमी आली तशी रातांबे तसेच टाकून घर निघालं. चौदा कुंडं, एरवी कोरडी, आता भरलेली, प्रत्येक कुंडाचं पाणी वेगळं लागतं, काही गार, काही कोमट, आणि येताना उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर पण आंघोळ. आजीने फिरकीच्या तांब्यात पाणी भरून आणलं, तो तांब्या देवघरात. मी, चुलतभाऊ आणि माझ्या बाकावरची मैत्रीण, आम्ही स्टँडवर गारेगार खाल्लं, लाल रंगाचं, आणि जीभ कोणाची जास्त लाल ते आरशासारख्या एसटीच्या काचेत बघत उभे राहिलो, तोवर गाडी सुटली.

विसाव्या-बाविसाव्या तारखेनंतर पाहुणे पांगायचे आणि घरात एकदम पावसाची धांदल. कौलं चाळून फुटकी बदलायची, नारळाच्या झावळांची झापं विणून पडवीच्या पावसाळी बाजूला बांधायची, शेणी आणि लाकडं पडवीत रचायची, इरली उतरवून बघायची, सुकलेली मिरची भरायची. आणि हमखास त्यातच वळीव. "साठं! साठं उचला!" अशी आरोळी आली की हातातलं टाकून धावायचं. मी आजही ऑफिसात ढग गडगडले की उठून उभी राहते, माझी सहकारी म्हणते तू कुठे निघालीस.

मग जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि मराठीच्या पहिल्या तासाला निबंध, "मी सुट्टी कशी घालवली". दरवर्षी. आणि आम्ही सगळे काय लिहायचो माहितीय? "मी मामाच्या गावाला गेले. तेथे मोठी आमराई होती. आम्ही खूप मजा केली." अहो, आम्ही आमराईतच राहत होतो! माझा मामा तर पलीकडच्या वाडीत, पाच मिनिटांवर, आणि तो सुट्टीभर आमच्याकडेच झेला, म्हणजे टोकाला जाळी लावलेली काठी, घेऊन आंबे काढायला असायचा. पण निबंधमालेत तसंच असायचं, मार्क त्यालाच मिळायचे. रातांबे फोडले, कंदील पुसला, पट्टी आली, हे कोणी लिहिलं नाही, कारण हे लिहायचं असतं असं कोणाला वाटलंच नाही. म्हणून आज लिहिलं, शब्दमर्यादा ओलांडून.

समितीला फक्त एक विनंती. कार्यक्रम तुम्ही मेच्या शेवटच्या रविवारी ठेवलाय, मुंबईकरांना सोयीचा म्हणून, ते समजलं. पण भाषणं जरा आवरती घ्या. निम्म्या माजी विद्यार्थिनींची साठं खळ्यात असतील, आणि मांडवाला प्लास्टिकचा कागद न लावता झापं लावणार असाल तर आत्ताच सांगा, आमच्याकडे विणून तयार आहेत, भाडं नको, पण पाऊस पडायच्या आत परत पाहिजेत.