आयसीजी, सीरम आणि माझे पाच महिने

लॅबमध्ये माझं नाव 'फॉइलवाली' पडलं होतं. बीकरला फॉइल, बाटल्यांना फॉइल, डायलिसिसच्या भांड्याला फॉइल. एकदा तर घाईत डब्यातल्या पोळ्यांची फॉइलच काढून स्टररवरच्या फ्लास्कला गुंडाळली होती. इंडोसायनिन ग्रीन, आम्ही त्याला आयसीजी म्हणतो, हा रंग उजेडात टिकत नाही. पाण्यातही टिकत नाही. हॉस्पिटलात कुपीत पाणी घातलं की सहा तासांत वापरायची, उरली तर फेकून द्यायची. कोडॅकने फोटोग्राफीसाठी बनवलेला हा रंग. १९५९ साली अमेरिकेत त्याला वैद्यकीय वापराची मान्यता मिळाली. शिरेत सोडला की दोन-चार मिनिटांत निम्मा रंग यकृत उचलतं आणि पित्तात टाकून मोकळं होतं.

माझ्या पीएचडीचा विषय असा की हा उतावळा रंग पॉलिमरच्या सूक्ष्म कणांत कोंडायचा, म्हणजे तो रक्तात जास्त वेळ राहील आणि कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचेल. तिथे कॅमेऱ्याला तो चमकताना दिसेल, आणि ८०८ नॅनोमीटरचा लेसर मारला तर तापून आजूबाजूच्या पेशी जाळेल. एकाच कणात दिवाही आणि चूलही. लहानपणी टॉर्चवर तळहात ठेवून लाल उजेड सगळ्यांनीच पाहिलाय. त्या लालच्याही पलीकडे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, रक्त आणि पाणी दोघंही प्रकाश कमी शोषतात. आयसीजी नेमका तिथेच काम करतो, म्हणून त्याचे एवढे लाड.

कण करायला फारसं अवघड नाही. विरघळणारे टाके ज्या जातीच्या पॉलिमरचे असतात, त्याच जातीचं पीएलजीए ॲसिटोनमध्ये विरघळवायचं आणि ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं. रात्रभरात ॲसिटोन उडून जातं, कण उरतात. फक्त जुलैत पीएलजीएची बाटली उणे वीसच्या फ्रीजरमधून काढून लगेच उघडायची नाही, हे सिनियरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मुंबईची पावसाळी हवा आत शिरली की पॉलिमर ओल धरतं आणि हळूहळू तुटायला लागतं. मी अर्थातच एकदा उघडली.

सातव्या-आठव्या बॅचला कण दीडशे नॅनोमीटरच्या आत आले, एकसारखेही होते. पाण्यात ठेवून पाहिलं तर रंग फारसा बाहेर येत नव्हता. मग सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यासारख्या भागात टाकले, आणि चमक कमी व्हायच्या ऐवजी वाढली! मी डोंबिवली स्टेशनबाहेरून पेढे घेऊन घरी गेले. पुढचे पाच महिने त्याच कणांवर पेशींचे प्रयोग केले, ग्राफ काढले, पोस्टर केलं.

आमच्या सरांनी पोस्टर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "नुसता रंग सीरममध्ये टाकून पाहिलास?"

नव्हता पाहिला. त्या संध्याकाळी पाहिला. नुसता रंगही तसाच उजळला.

झालं होतं असं की पाण्यात आयसीजीचे रेणू एकमेकांना चिकटून मंद पडतात, आणि सीरममधल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाने त्यांना धरलं की चमकायला लागतात. म्हणजे माझे कण उजळत नव्हते, रिकामे होत होते. अल्ब्युमिन त्यांच्यातून रंग ओढून घेत होतं. पुरावा माझ्याच वहीत होता. आयसीजी पाण्यात ७८० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त प्रकाश शोषतो, अल्ब्युमिनला चिकटला की ग्राफवरचं तेच शिखर ८०० च्या पुढे जातं. माझ्या प्रत्येक ग्राफवर ते सरकलेलं होतं. मी शिखराची उंची बघत बसले, जागा बघितलीच नाही. त्या रात्री लोकलमध्ये बसायला जागा असूनही मी दारात उभी राहून आले.

उपाय शोधायला आणखी चार महिने गेले. आयसीजी पाण्यात विरघळतो, म्हणून तेलकट पॉलिमरमध्ये त्याचं मन रमत नाही. त्याच्या ऋण भाराला टेट्राब्युटिलअमोनियमच्या धन भाराची जोड दिली तर ती जोडी पाणी सोडते. हे डोळ्यांना दिसतं: वरचं हिरवं पाणी फिकट होत जातं आणि रंग खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतो. हा वाळवून पॉलिमरबरोबर विरघळवला, तेव्हा कुठे सीरममध्ये शिखर जागेवर राहायला लागलं. गळती थांबली नाही, पण तासांवरून दिवसांवर गेली. हे टेट्राब्युटिलअमोनियमचे क्षार स्वतःच पेशींना घातक नाहीत ना, याचा वेगळा प्रयोग सरांनी करायला लावला. तेव्हा राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं.

लेसरबद्दल थोडक्यात. कण भरलेल्या नळीवर लेसर मारला की तापमान पहिल्या फेरीला झरझर चढतं, दुसऱ्या फेरीला कमी, कारण रंग जळत जातो. शोधनिबंधांत पहिल्या फेरीचे फोटो असतात. शिवाय नळीत उष्णता वाहून न्यायला रक्त नसतं.

उंदरांच्या प्रयोगांना परवानगी मिळायला वेळ लागला, आणि मिळाल्यावर पहिल्याच दिवशी इंजेक्शन न दिलेल्या उंदराचंही पोट चमकलं! त्याच्या खाद्यात लसूणघास होता, आणि हरितद्रव्य लाल-अवरक्त प्रकाशात स्वतःच चमकतं. खाद्य बदललं, आठवडाभर थांबलो. मग खरं चित्र आलं. गाठीत चमक होती. यकृतात तिच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. हे फक्त माझ्याच कणांचं नाही. २०१६ साली दहा वर्षांतल्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणाऱ्या कणांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं होतं.

आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या यजमानांचे परळला टाटामध्ये उपचार चालू आहेत. परवा जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "अगं, तुझं ते रंगाचं औषध टाटात कधी येणार? ह्यांना मिळेल का?" मी म्हटलं, "काकू, ते अजून उंदराच्या यकृतातच अडकलंय." त्या हसल्या नाहीत. "मग काढ की तिथून," म्हणाल्या, आणि दुधाची पिशवी सांभाळत वर गेल्या.