लघवीची जळजळ आणि रश्श्यावरचा आरोप

लघवीला जळजळ झाली की कोल्हापुरात पहिला आरोप तांबड्या रश्श्यावर. तिखटाने आधीच सुजलेलं मूत्राशय आणखी चुरचुरू शकतं, पण जंतुसंसर्ग त्यातून होत नाही. तो बहुतेक वेळा आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंमुळे होतो. बाईची मूत्रनलिका (मूत्राशयातून लघवी बाहेर नेणारी नळी) जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषाची साधारण 20. जंतूंना मूत्राशयापर्यंतचा रस्ता छोटा, म्हणून हा त्रास बायकांना जास्त.

महाद्वार रोडची खरेदी असो की अंबाबाईच्या दर्शनाची रांग, बाहेर असताना लघवीला जायला लागू नये म्हणून पाणीच न पिणं ही खरी गोची. साठून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. दर तीन-चार तासांनी जा, लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्या (हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून). शौचानंतर पुढून मागे धुवा, संबंधानंतर लघवी करा. सुगंधी वॉश कशाला हवेत?

तपासणीसाठी लघवीचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच द्या. जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडा, मधली निर्जंतुक डबीत धरा. डबीच्या आत बोट लागलं तर त्वचेवरचे जंतूच रिपोर्टात दिसतात. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. कल्चरला (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) दोन-तीन दिवस लागतात. मेडिकलमधलं सायट्रेटचं सिरप जळजळ कमी करतं, जंतू मारत नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या तर नकोच.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बायका, मधुमेही, पुरुष आणि लहान मुलांच्या बाबतीत नुसती जळजळ असली तरी डॉक्टरांकडे जायला थांबू नये.