विंडोजला हात न लावता लिनक्स: माझा अनुभव

विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरून बघायची इच्छा जुनीच होती, पण लॅपटॉप एकच आणि सगळं काम त्याच्यावरच. ड्युअल बूटसाठी, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला, डिस्कचे भाग पाडायचे म्हटलं की हात आखडायचा. अशा माणसाला व्हर्च्युअल मशीन बरं. विंडोज चालू असतानाच एका खिडकीत दुसरा अख्खा संगणक चालतो. खरा तो होस्ट, आतला तो गेस्ट, आणि बिघडला तर आतला बिघडतो.

सॉफ्टवेअर म्हणून व्हर्च्युअलबॉक्स घेतलं. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेलं आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे आलं, पण त्याचा मूळ भाग अजूनही मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला) आहे. २०२४ पासून त्याच कामाचं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही फुकट झालंय, फक्त ते उतरवून घ्यायला आधी खातं काढावं लागतं. मला तेवढाही खटाटोप नको होता. व्हर्च्युअलबॉक्सच्या पानावर शेजारीच जादा सोयींचा एक्स्टेन्शन पॅक दिसतो. तो घेतला नाही. त्याचा परवाना वेगळा आहे, घरगुती वापराला तो फुकट असला तरी कचेरीच्या संगणकावर टाकण्याआधी अटी वाचाव्यात. नुसतं लिनक्स बघायला तो लागतही नाही.

आधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली बघितलं. तिथे व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीनला लागणारी प्रोसेसरची सोय) 'एनेबल्ड' दिसलं म्हणजे पुढे जायला हरकत नाही. 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन चालू करावं लागतं. इंटेलच्या प्रोसेसरवर ते व्हीटी-एक्स नावाने सापडतं, एएमडीवर बहुधा एसव्हीएम नावाने.

मग उबुंटू २४.०४ या लिनक्सच्या आवृत्तीची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनची अख्खी डिस्क एका फाइलीत, उतरवली. जवळजवळ सहा जीबी, त्यामुळे निवांत वेळ काढावा. उतरल्यावर विंडोजच्याच सर्टयुटिल कमांडने तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघितला. कंटाळवाणं वाटतं, पण अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल होता होता मध्येच भलताच एरर देते आणि आपण दोष मात्र लिनक्सला देत बसतो.

नवं मशीन तयार करताना एका चौकोनाकडे लक्ष हवं. आयएसओ ओळखली की व्हर्च्युअलबॉक्स सगळं आपणहून इन्स्टॉल करायला बघतं, त्याला अनअटेंडेड इन्स्टॉल म्हणतात. ऐकायला छान, पण त्यात तयार होणाऱ्या वापरकर्त्याला अनेकदा सुडोचा, म्हणजे प्रशासक म्हणून कमांड चालवायचा, अधिकारच मिळत नाही, आणि सुडोशिवाय उबुंटूत साधं सॉफ्टवेअर टाकता येत नाही. शिवाय इन्स्टॉलर बघणं हा तर शिकण्याचा अर्धा भाग! 'स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' वर टिक केली.

लॅपटॉपला आठ जीबी रॅम आहे, त्यातली चार गेस्टला दिली. रॅम ठरवायच्या पट्टीवरचा हिरवा भाग संपून लाल सुरू होतो, तिथे गेलं की विंडोजच गुदमरतं. प्रोसेसर दोन, डिस्क २५ जीबी. ही डिस्क म्हणजे विंडोजवरची एक फाइल. सुरुवातीला लहान असते आणि आत सामान भरेल तशी फुगते. आतलं पुसलं म्हणून ती आपोआप बारीक होत नाही, हे डिस्क भरत आलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

स्टार्ट केलं, उबुंटूचा इन्स्टॉलर आला, आणि थोड्या वेळाने तो प्रश्न आला: डिस्क पूर्ण पुसून उबुंटू टाकू का? सगळं माहीत असूनही माउसवरचं बोट थबकलं. इथे घाबरणं स्वाभाविक आहे, म्हणून खात्री कशी करायची ते सांगते. इन्स्टॉलर डिस्कचं नाव आणि आकार दाखवतो. नाव 'व्हीबॉक्स हार्डडिस्क' आणि आकार आपण दिला तेवढा, म्हणजे २५ जीबीच्या आसपास. माझी खरी डिस्क ५१२ जीबीची आहे, तिचा तिथे मागमूसही नव्हता. गेस्टला खरी डिस्क दिसतच नाही, त्यामुळे ती पुसायचा प्रश्नच नाही. हो म्हटलं. शेवटी इन्स्टॉलेशनची सीडी काढून एंटर दाबा अशी सूचना येते, तेव्हा नुसतं एंटर दाबावं.

उबुंटू सुरू झालं, पण संथ. खिडकीच्या खालच्या पट्टीवर एक छोटं हिरवं कासव दिसत होतं. हा विनोद नाही, ती खूण आहे. विंडोजने मेमरी इंटेग्रिटीसारख्या सुरक्षेच्या सोयींसाठी हायपर-व्ही हे स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन आधीच चालू ठेवलेलं असलं की व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरपर्यंत थेट पोचता येत नाही, हायपर-व्हीच्या मार्फत जावं लागतं, आणि मग कासव दिसतं. मेमरी इंटेग्रिटी बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. मी ती बंद केली नाही. रोजच्या कामाच्या यंत्राची सुरक्षा एका प्रयोगासाठी कमी करायची हे पटलं नाही, आणि कासवासकट काम चालतं. फक्त या वेगावरून लिनक्सचा वेग ठरवू नये.

पडदाही लहानच होता. त्यासाठी गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची गेस्टमध्ये टाकायची पूरक सॉफ्टवेअरं, टाकावी लागतात. आधी टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल, मग डिव्हायसेस मेन्यूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी घालून तिच्यावरची स्क्रिप्ट चालवायची आणि रीस्टार्ट. त्यानंतर खिडकी ओढली की आतला डेस्कटॉपही तेवढा होतो. कॉपी-पेस्ट इकडून तिकडे व्हायला क्लिपबोर्ड 'बायडायरेक्शनल' करावा. तरीही अडलं तर लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या चाकावरून 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' हा डेस्कटॉपचा दुसरा पर्याय निवडून बघावं. कीबोर्ड आतच अडकला तर उजवं कंट्रोल दाबायचं की सुटतो. मराठीसाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या यादीत मराठी जोडलं आणि कामाला लागले.

या सगळ्या उद्योगाची खरी गंमत मात्र स्नॅपशॉटमध्ये आहे. मशीनची आत्ताची स्थिती नाव देऊन जपून ठेवायची आणि मग आत वाट्टेल ते करायचं. 'कोरं उबुंटू' या नावाने एक स्नॅपशॉट घेतला आणि ठरवून मोडतोड सुरू केली. लिनक्सच्या वाटेला जाणाऱ्या प्रत्येकाला जे करू नका म्हणून बजावतात ते केलं: पायथन ३ ही प्रोग्रामिंग भाषा काढून टाकली. एपीटीने (सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या कमांडने) आधी यादी दाखवली, सोबत काय काय जाणार त्याची. पडदाभर नावं, त्यात खुद्द उबुंटू डेस्कटॉपही. तेव्हा कळलं की या यंत्रणेतली किती हत्यारं पायथनवर उभी आहेत, आणि वाय (म्हणजे हो) दाबण्याआधी ती यादी का वाचायची असते. वाय दाबलं. रीस्टार्ट केल्यावर डेस्कटॉप नाही, काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन. थोडा वेळ तिथे एलएस, सीडी या फोल्डर बघायच्या-बदलायच्या कमांड देत भटकले आणि मग मशीन बंद करून स्नॅपशॉट रिस्टोर केला. काही सेकंदांत कोरं उबुंटू परत. पुढे एफएसटॅब (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ते सांगणारी फाइल) बिघडवून बूट कुठे अडकतं ते बघितलं, फाइलींच्या परवानग्या उलट्यापालट्या केल्या. खऱ्या यंत्रावर हे कोण करेल?

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप मात्र नव्हे. त्यात फक्त बदल साठतात आणि ते मूळ डिस्क-फाइलवर टेकलेले असतात. ती गेली की सगळं गेलं.

आणि एक गोष्ट व्हर्च्युअल मशीन सांगूच शकत नाही, ती म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स कसं चालेल. गेस्टला माझं वायफाय कार्ड दिसतच नाही, त्याला एक साधं तारेचं नेटवर्क दिसतं. ग्राफिक्स कार्डही बनावट. झाकण मिटल्यावर झोपणं, फिंगरप्रिंट, बॅटरी किती टिकते, यातलं काही तपासता येत नाही. त्यासाठी तीच आयएसओ पेनड्राइव्हवर चढवून 'ट्राय उबुंटू' करावं. माझं ते अजून बाकी आहे.

प्रयोग आटोपल्यावर मशीन काढायचं असेल तर रिमूव्ह म्हटल्यावर सगळ्या फाइली पुसायचा पर्याय निवडावा. नुसतं यादीतून काढलं तर ती फुगलेली डिस्क-फाइल विंडोजवर तशीच पडून राहते.