स्पायडर नको
गणपतीत धाकटा भाऊ इंग्लंडातल्या लेस्टरहून घरी आला होता. रात्री आरत्या उरकून पडवीत बसलो होतो, तेव्हा त्यानं मोबाइल पुढे केला. "दादा, ह्यातलं कुठलं घेऊ?" रॉयल पायथन नावाच्या अजगराची पिल्लं होती, एकेक रंगाची. अमेरिकेत ह्यालाच बॉल पायथन म्हणतात.

मी गुहागरच्या आसपास लोकांच्या घरातून साप सोडवायला जातो. आपल्याकडचे साप पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे आणि ती हवीच. पण हा आफ्रिकेतला साप तिकडे रीतसर पाळतात, म्हणून मी बघायला घेतलं.

त्याचा जीव 'स्पायडर'वर बसला होता. सोनेरी अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा. देखणा होता, खरंच. म्हटलं, हा खातानाचा व्हिडिओ मागव. दुसऱ्या दिवशी आला. पिल्लानं चिमट्यातल्या उंदरावर झेप घेतली ती चांगली वीतभर बाजूला गेली. मग मान वर झाली आणि डोकं हळूहळू पिळत गेलं, पार हनुवटी आभाळाकडे होईपर्यंत. असं डोकं मी गाडीखाली आलेल्या धामणीचं पाहिलंय. धडधाकट सापाचं कधीच नाही.

हे दुखणं रंगासोबतच येतं. जे जनुक ती नक्षी देतं, तेच कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग बिघडवतं. कुणात कमी दिसतं, कुणात जास्त, पण चांगली जोडी निवडून ते टळत नाही. इंग्लंडात इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटी ह्या साप-सरड्यांच्या हौशी लोकांच्या संस्थेनं २०१८ मध्ये आपल्या मेळ्यांतून स्पायडरची विक्री बंद केली. रंगासाठी जिवाचा तोल घालवायचा, हे मला पटत नाही. भावाला तसं स्पष्ट सांगितलं.

मग अल्बिनोवर आलो, म्हणजे अंगात काळा रंगच नसलेल्या पिवळ्या-पांढऱ्या सापावर. त्याला 'हेट' म्हणजे काय ते कळत नव्हतं. म्हटलं, आई-बाबा दोघांचे डोळे काळे, तरी आपली ताई घारी कशी? रंग अंगात दडून असतो. तसा अल्बिनो रंग अंगात दडलेला, पण दिसायला साधा साप म्हणजे हेट. असे दोन हेट जोडीला लावले, तर सरासरी चारात एक पिल्लू अल्बिनो निघतं. उरलेली तिन्ही दिसायला सारखीच, पण त्यातली दोनच हेट. म्हणून चिठ्ठीवर '६६ टक्के हेट' लिहितात. त्याचे जास्त पैसे मोजण्याआधी आई-बापांचे फोटो आणि नोंदी मागायच्या.

आई आतून ऐकत होती. हा साप वीस-तीस वर्षं जगतो म्हटल्यावर बाहेर आली. "तेवढी वर्षं सांभाळणार असशील तर आण," एवढंच म्हणाली आणि वाती वळायला गेली.

त्यानं शेवटी अल्बिनो नर घेतला. काल व्हिडिओ आला. चिमटा हलला, झेप थेट उंदरावर, दोन वेटोळी, मान ताठ. मी तीनदा पाहिला. आता मादी घ्यायचं म्हणतोय. ती दीड किलोची झाल्याशिवाय जोडी लावायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवलंय.