गाळणी स्क्रिप्ट: ‘किंमत’ सुटली, ‘नेते’ अडकले

एकदाची ‘किंमत’ सुटली! मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कवरच्या निवडणुकीच्या पोस्टी गाळायला मी ब्राउझरमध्ये चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहितोय. तिच्या यादीत ‘मत’ टाकलं की किंमत, गंमत, हिंमत सगळंच टाइमलाइनवरून गायब, हे रडगाणं मागच्या अपडेटमध्ये गायलंच होतं. मॅस्टोडॉनच्या स्वतःच्या फिल्टरला ‘पूर्ण शब्द’ची खूण केली तर ‘मतांची’, ‘मताला’ निसटतात. काढली तर किंमत जाते.

गोम बॅकस्लॅश-बीमध्ये आहे, म्हणजे रेगेक्समधल्या (मजकुरातले नमुने शोधायची भाषा) शब्दाची सीमा ओळखणाऱ्या खुणेत. जावास्क्रिप्टच्या लेखी शब्दातलं अक्षर म्हणजे रोमन ए ते झेड, आकडे आणि अंडरस्कोर. देवनागरी अक्षर आणि स्पेस त्याला सारखेच, मग शब्दाची सीमा सापडणार कुठून? म्हणून लुकबिहाइंड, म्हणजे शब्दाच्या अलीकडे काय आहे ते तपासणारी अट लावली: आधी युनिकोडचं (संगणकातल्या सगळ्या लिप्यांची प्रमाण यादी) अक्षर नको आणि मार्क, म्हणजे अक्षराला चिकटणारं चिन्हही नको. मार्क महत्त्वाचा, कारण वेलांटी, मात्रा, अनुस्वार युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीतच. ‘किंमत’मध्ये ‘मत’च्या अलीकडे अनुस्वारच बसलाय. नुसती अक्षराची अट ठेवली की ‘किंमत’ पुन्हा अडकते. उजवी बाजू मोकळी सोडलीय, प्रत्ययांसाठी.

तरी काही पोस्टी निसटतच होत्या. ब्राउझरच्या कन्सोलवर मजकूर छापून पाहिला तर ‘बोललोमतदान’! टेक्स्टकंटेंट (पानातला नुसता मजकूर काढून देणारी सोय) दोन परिच्छेद मधे जागा न सोडता चिकटवतो. आता प्रत्येक पी-टॅग (परिच्छेद) वेगळा घेतो, बीआरच्या (ओळ तोडणारा टॅग) जागी स्पेस घालतो. पडद्यावर दिसतो तसा मजकूर देणाऱ्या इनरटेक्स्टने हे आपोआप झालं असतं, पण दर पोस्टला पानाची मांडणी (लेआउट) मोजायला लावणं माझ्या जुन्या लॅपटॉपला झेपत नाही. ‘पुढाऱ्यांनी’तला ऱ्या लोक दोन तऱ्हांनी टाइप करतात, र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी अदृश्य खूण) असं दिसलं की त्याचा ऱ आणि हलन्त करून टाकतो. हे एका ओळीत जमलं, आणि फार बरं वाटलं.

अडलंय ते ‘नेता’पाशी. ‘नेत्याने’ पकडायला ‘नेत’ ठेवावं तर ‘नेतो’ही येतो. सगळी रूपं हाताने लिहिली, तरी ‘मी रोज डबा घरूनच नेते’ ही एका बाईंची पोस्ट गाळणीत गेलीच. इथे रेगेक्सने हात टेकले.

हे लिहिता लिहिताच सुचतंय: एका शब्दावर निकाल द्यायचाच कशाला? गुण देऊ. ‘नेते’ला एक, ‘पुढारी’ला दोन, ‘मतदान’ला तीन, बेरीज तीन झाली की गाळायचं. आणि पोस्ट पूर्ण लपवण्याऐवजी बारीक पट्टी ठेवायची, ‘गाळलं: नेते, पुढारी’, टिचकी मारली की उघडेल. त्याने दुसरी कटकटही मिटावी: बऱ्याच पोस्टी लपल्या की टाइमलाइन आखूड होते आणि मॅस्टोडॉन पुढच्या पोस्टी मागवत सुटतं. गाळलेल्या पोस्टवरची खूण मात्र टॅगला जोडलेल्या स्वतःच्या नोंदीने, म्हणजे डेटा-अ‍ॅट्रिब्यूटनेच. क्लास (टॅगला दिलेलं गटाचं नाव) लावला तर मॅस्टोडॉनचं पान रंगवणारी लायब्ररी रिअ‍ॅक्ट कधी पुसेल नेम नाही.

कुणी विचारलं होतं म्हणून: अशा स्क्रिप्ट चालवायला फायरफॉक्सवर व्हायोलेंटमंकी हे एक्स्टेंशनच. सोर्स खुला आहे, आणि फाइलवर लक्ष ठेवायची सोय चालू करून ती टॅब उघडी ठेवली, तर बाहेरच्या एडिटरमध्ये सेव्ह केलेला बदल तिकडे पोचतो.

तुमच्या याद्यांमधले असे दुतोंडी शब्द पाठवा. ‘सभा’ला किती गुण द्यावेत यावर अडलोय, कारण सोसायटीच्या सभांमधली भांडणं मला वाचायची आहेत.