माइकवरचा फोकस

दिवाळी झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात दोनच चौकशा चालतात. धानाला भाव काय फुटला, आणि कोणत्या गावात कोणतं नाटक. मंडई म्हणजे गावची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, दिवसा गर्दी आणि रात्री नाटक हे ठरलेलं. २०१४ साली पटावर बंदी आली तरी नाटकं काही थांबली नव्हती. दहाला सुरू होणार असं भोंग्यावर सांगतात, अकराला पडदा वर जातो आणि उजाडता उजाडता लोक अंगावरचं पांघरूण सावरत घरी निघतात.

मी गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचे दाखले आणि पासपोर्ट साइज फोटो. त्या फोटोंसाठीच निकॉनचा डी ३३०० कॅमेरा घेतलेला, सोबत आलेली १८-५५ची झूम लेन्स. पांढऱ्या पडद्यासमोर बसवायचं, "आजी, हनुवटी जराशी खाली," म्हणायचं आणि बटण दाबायचं. एवढीच माझी फोटोग्राफी.

नाद लागला तो तालुक्यातल्या सात-आठ जणांमुळे. त्यात लग्नाचे फोटो काढणारे एक भाऊ आहेत, नवेगावबांधच्या तलावावर पक्षी टिपणारे एक वनरक्षक आहेत, बाकी माझ्यासारखे हौशी. रविवारी चहाच्या टपरीवर जमतो, एरवी मोबाइलवर फोटो पाठवतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा हा तिथला कडक नियम, कारण साधा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं आणि मग शार्पनेसवर भांडताच येत नाही.

मागच्या हंगामात मी छाती फुगवून जाहीर केलं की यंदा झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या या रात्रभर चालणाऱ्या नाटकाचे फोटो काढणार. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळीकडे त्यांचे फोटो झळकले होते. तेव्हापासूनच मनात होतं, की हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडतं आणि आपण मात्र रेशनकार्डाचे फोटो काढत बसतो.

पहिल्या रात्री पुरती फजिती झाली. ५५ वर झूम केलं की या लेन्सचं तोंड एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही; हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं आणि उजेड जास्त. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० करूनही शटर १/३० सेकंदावर आलं. खलनायकाने हात उगारला की फोटोत त्याला चार हात. फ्लॅश मारला तर पेटीवाले वळून असे बघायला लागले की मीच तो लगेच मिटवून टाकला.

भाऊ म्हणाले, "५० ची एफ १.८ घे, स्वस्तात येते." हिशोब सोपा होता. ५.६ ला १.८ ने भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा, जवळपास दहा येतात. म्हणजे दहापट उजेड. नागपूरला एकाकडून जुनी लेन्स साडेचार हजाराला आणली. काच स्वच्छ, बुरशी नाही, मी खूश. बसमध्येच कॅमेऱ्याला लावली, तर व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, एफ-ई-ई अशी तीन अक्षरं लुकलुकायला लागली आणि बटण काही दबेना.

टपरीवर भाऊंनी ती अक्षरं वाचली आणि चहाचा कप खाली ठेवला. "अबे, हा तं फी मागते तुले!"

त्यावर जे हसू फुटलं ते आठवडाभर पुरलं. अर्थ साधाच निघाला. जुन्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची, म्हणजे तोंड लहान-मोठं करायची रिंग असते. ती नारिंगी २२ वर नेऊन बाजूची खिट्टी लावायची, म्हणजे पुढचं कॅमेरा सांभाळतो. ते केलं आणि फीचा प्रश्न मिटला. मात्र ऑटोफोकस काही चालेना. ही डी जातीची लेन्स. तिच्यात स्वतःची मोटर नसते, कॅमेऱ्यातल्या मोटरने ती फिरते. आणि निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती मोटरच नाही. जी जातीची घेतली असती तर चाललं असतं. विकणाऱ्याने सांगितलं नाही हे खरं, पण मीही विचारलं नव्हतं. परत न्यायला गेलो तर दिवसाची रोजी आणि बसभाडं. ठेवून घेतली.

मग हाताने फोकस शिकलो. व्ह्यूफाइंडरच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक हिरवा ठिपका असतो, फोकस जमला की तो स्थिर पेटतो. रोज रात्री ओसरीवर आजी लाखोळीची डाळ निवडत बसायची, तीच माझी नायिका. ती ताटावर वाकली की ठिपका गेला, मान वर केली की आला. "मले पाहून पाहून डोरे दुखत नाई काय तुये?" म्हणायची. पंधरा दिवसांनी बसलेल्या आजीवर फोकस जमायला लागला. पण स्टेजवरची माणसं काही ताट घेऊन बसत नाहीत. दुसऱ्या नाटकात मी रिंग फिरवेपर्यंत नायिका विंगेत.

उपाय सुचला तो कंटाळ्यातून. पहाटे दोनच्या सुमारास नुसताच बघत बसलो होतो, खाली धानाच्या तणसाची ऊब, वर थंडी. तेव्हा लक्षात आलं की कोणी कुठूनही येवो, महत्त्वाचं वाक्य बोलायला तो वरून टांगलेल्या माइकखालीच येतो. शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा तर दुसरा इलाजच नाही. म्हणजे नट फिरो, जागा ठरलेली. फोकस माइकवर लावून ठेवायचा आणि वाट बघायची.

तिसऱ्या नाटकात तसंच केलं. एफ १.८ उघडं ठेवलं, शटर १/२५०. घरी येऊन फोटो पाठवले. वनरक्षक भाऊंचं उत्तर आलं, "माइकचा फोटो फारच छान." खरंच, माइकची जाळी मोजून घ्यावी अशी आणि मागे नायकाचा चेहरा लोण्यासारखा. नट माइकच्या हातभर मागे उभा राहतो, आणि पंधरा फुटांवर एवढ्या उघड्या लेन्सला धड दोन फुटांचंही अंतर फोकसमध्ये बसत नाही. त्यात फोटोच्या वरच्या भागात उजेड आणि खाली काळपट पट्टा. तो एलईडी दिव्यांचा प्रताप. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही, १/२५० च्या शटरला कळतं. १/१०० ठेवलं की एक पूर्ण फेरा आत येतो आणि पट्टा जातो.

चौथ्या नाटकाला नऊ वाजताच जाऊन पेटी-तबल्याच्या बाजूला जागा धरली. साउंडवाला पोरगा माइकखाली "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" करत होता. मी माइकचा नाद सोडला आणि त्या पोराच्या डोळ्यांवर ठिपका आणला, मग रिंगला इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून टाकला. आता धक्का लागला तरी फिरणार नाही. एफ २.२, १/१००, आयएसओ १६००, रॉ म्हणजे न दाबलेली कच्ची फाइल. लाल दिवा पडला की चेहरे टोमॅटोसारखे सपाट होतात. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लाल रंग उजव्या भिंतीला जाऊन धडकलेला दिसतो, तेव्हा तेवढ्यापुरता आयएसओ ८०० वर उतरवायचा.

साडेतीनला म्हातारा बाप लेकीला घराबाहेर काढतो तो प्रवेश आला. बाप माइकखाली आला, थांबला. बायका पदराने डोळे पुसत होत्या, माझ्या शेजारच्या तबलजीनेही हात थांबवला होता. बापाची मान वर गेली, गळ्याची शीर ताणली, आणि वाक्य सुरू व्हायच्या आधीचा तो एक श्वास. मी एकदाच दाबलं.

त्या फोटोत डोळ्यातलं पाणी दिसतं. गालावरचा रंग घामाने उतरलेला, खोट्या मिशीच्या कडेला डिंक चमकतोय, तोही दिसतो. सकाळी झोपायच्या आधीच ग्रुपवर टाकला. लग्नवाल्या भाऊंनी दोनच शब्द लिहिले, "फी वसूल."

वनरक्षक भाऊंनी मात्र दुपारी विचारलं, "त्या माइकची सावली बाबाच्या नाकावर पडली, ते पाहिलं काय?"

पडली होती.